तीन पट्ट्यांचा जमखाना

मित्रांनो, मी एक जुना जमखाना आहे, जमिनीवर अंथरायची जाड सुती सतरंजीच म्हणा. खरं तर मी एक आहे की तीन, हेच मला अलीकडे नीट सांगता येत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो, नाहीतर माझ्याबरोबर तुमचाही गोंधळ उडायचा.

माझा जन्म धारवाडजवळच्या नवलगुंदचा. एका म्हाताऱ्या बाईनं मला उभ्या मागावर विणलं. ती फारसं बोलत नसे. धागा ओवायची, लोखंडी पंज्यानं ठोकून बसवायची, पुन्हा ओवायची. तांबडा, पिवळा, निळा असे माझे रंग. मधोमध सोंगट्यांचा पट आणि चार कोपऱ्यांत चार मोर. मी इतका घट्ट होतो की पाणी सांडलं तरी खाली उतरायला वेळ लागायचा. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. थोडी बढाई आहे, पण खोटी नाही.

आप्पासाहेबांनी मला धारवाडला, केलगेरीच्या त्यांच्या घरी आणलं. ते गावाजवळच्या बेलूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचे. दर पौर्णिमेला त्यांच्या घरी बुद्धवंदना असायची. त्या दिवशी सकाळी आप्पासाहेब स्वतः बादलीभर पाण्यानं घर धुवायचे आणि लगेच मला अंथरायचे. ओल्या शहाबादी फरशीचा गारवा माझ्या पाठीला लागायचा. संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊन माझ्यावर बसायची आणि सगळ्यांचा आवाज एकदम उठायचा. मला अर्थ कळत नसे, पण बरं वाटायचं. मी माणसांना तळव्यांवरून ओळखतो. आप्पासाहेबांच्या टाचा भेगाळलेल्या, त्यांच्या पत्नीची, सरूबाईंची पावलं हलकी, आणि लेक गौतमी कधी चालतच नसे, पळायची. लोक म्हणायचे, "जमखाना असावा तर असा." मी फुगायचो.

मग दिवस बदलले. आप्पासाहेब निवृत्त झाले आणि त्यांनी शहाबादीवर पांढऱ्या, चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या. आल्यागेल्याला ते म्हणायचे, "तोंड बघून घ्या, आरसा हाय." मंडळींचे गुडघे दुखू लागले होते, म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. मला डांबराच्या गोळ्या घालून गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. माझं काय चुकलं, ते कुणी सांगितलं नाही. मी सात वर्षं विचार करत पडून होतो.

त्या सात वर्षांत मी एकाला नुसत्या आवाजानं ओळखत होतो. तो ढाण्या. मुधोळ जातीचा उंच कुत्रा. कारखान्यातल्या एका मित्रानं पिल्लू असताना आप्पासाहेबांना दिलेला. टाइल्सवर त्याच्या नखांची टकटक टकटक चालायची, चार ठोके, घड्याळासारखे सारखे. एके दिवशी त्यातला एक ठोका हलका झाला. मग तो कधी पडायचा, कधी पडायचाच नाही. मला वाटलं, माझेच कान गेले. मित्रांनो, घरातल्यांच्या आधी मला कळलं होतं, पण कळूनही कळलं नव्हतं.

"लचकलं असेल की," आप्पासाहेब म्हणाले. सरूबाईंनी हळद-तेल गरम करून चोळलं. पंधरा दिवस गेले आणि पायाला गाठ दिसली. गौतमी त्याला जनावरांच्या डॉक्टर स्मृती यांच्याकडे घेऊन गेली. परत आल्या आल्या तिनं आईवडिलांना हाक मारली. मग कर्करोग हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मागचा उजवा पाय काढायला हवा, नाहीतर दुखण्यानंच तो जाईल. पाय काढायचा म्हणजे कुठं ठेवायचा, हे मला कळेना. कपडे काढून ठेवतात, चपला काढून ठेवतात. पाय?

ढाण्या घरी आला तेव्हा मी कान देऊन वाट पाहत होतो. टक, टक, टक, आणि मग धप्प. एकदा पडला, उठला, पुन्हा पडला. मग हॉलच्या कोपऱ्यात जाऊन बसला तो उठेचना. आप्पासाहेब त्याला उचलून मागच्या अंगणात न्यायचे आणि उचलून परत आणायचे. जेवण तोंडाशी नेऊन भरवायचे. आजारी माणसाला भेटायला यावं तसे शेजारीपाजारी केळी आणि बिस्किटं घेऊन यायला लागले. समोरच्या जयलक्ष्मी अक्का रोज यायच्या, "अय्यो पाप!" म्हणत कानडीत हळहळायच्या आणि एक पुडा ठेवून जायच्या. ढाण्या खायचा, पण डोळे मिटून, असं सरूबाई सांगायच्या. सगळे इतकं प्रेम करत होते आणि तो रोज थोडा थोडा विझत होता. असं कसं होतं, मला समजत नव्हतं.

टाके बघायला डॉक्टर स्मृती घरी आल्या. त्या वयानं लहान, पण बोलण्यात स्पष्ट.

"आप्पा, तुमीच त्याला पांगळा करूलालाय," त्या म्हणाल्या. "तीन पायांवर चालतंय की कुत्रं. पर ह्या टाइल्सवर न्हाई. त्याला वाटतंय, पाय गेला म्हणून पडलो. पडतोय तो फरशीमुळं."

"मग काय करू? टाइल्स उखडू?"

"खाली कायतरी खरबरीत घाला, कोपऱ्यापासून मागच्या दारापतोर. पोटाखालनं टॉवेलचा आधार द्या, पर उचलायचं न्हाई. आणि ही बिस्किटं बंद. वजन वाढलं तर तीन पायांनी किती तोलायचं त्यानं?" मग त्यांचा आवाज खाली आला. "सोमवारी दवाखान्यात आणा. आपल्या पायांनी आत आला, तर पुढची औषधं चालू करूया. उचलून आणलात तर मला तुमच्याशी दुसरं बोलायला लागेल."

दुसरं म्हणजे काय, ते मला विचारावंसं वाटलं. दुखणं कायमचं थांबवणारं इंजेक्शन, असं गौतमी रात्री आईला म्हणाली.

गौतमीनं गोणपाटं घातली. ती ढाण्याच्या नखांत अडकली. वर्तमानपत्रं घातली, ती घसरली. शेवटी ती म्हणाली, "माळ्यावर जमखाना हाय न्हवं?"

"वंदनेचा जमखाना कुत्र्याखाली?" आप्पासाहेब भडकले. "त्याच्यावर बाबासाहेबांचा फोटो ठेवलाय आपण. कायतरी दुसरं बघा."

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि सरूबाई स्टूल घेऊन माळ्याखाली आल्या. मी खाली उतरलो. सात वर्षांनी उजेड! मला वाटलं, गौतमीचं लग्न ठरलं. मी मनातल्या मनात मोर नीट केले. पण मांडव नाही, पाहुणे नाहीत. सरूबाईंनी मला हॉलमध्ये उलगडलं. मी ऐसपैस पसरलो खरा, पण घरातल्या बोळापर्यंत पोचेना. ढाण्या कोपऱ्यात, मागचं दार बोळाच्या टोकाला, आणि मी नुसताच मधे.

सरूबाईंनी पावलं टाकत मला मोजलं आणि बोळही मोजला. मग आत जाऊन मोठी कात्री घेऊन आल्या.

मित्रांनो, मला दुखलं की नाही, ते मी सांगू शकत नाही. मोर वेगळे झाले, सोंगट्यांचा पट मधून फाटला. कात्री चालत होती तोवर मी मलाच हाका मारत होतो आणि तीन ठिकाणांहून ओ येत होती. कापलेल्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून त्यांनी दाभणानं जुन्या लुगड्याची किनार लावली. शिवताना त्या रडत होत्या. मग कापलं कशाला, असं मला वाटलं.

तीन पट्ट्या एकापुढे एक, कोपऱ्यापासून मागच्या दारापर्यंत अंथरल्या गेल्या. आप्पासाहेब परत आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"काय केलीस गं सरू हे?"

"वाट केली," सरूबाई म्हणाल्या.

आप्पासाहेब त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. कोणाची बाजू घ्यावी, मला कळत नव्हतं. आप्पासाहेबांनी मला मानानं आणलं होतं. सरूबाईंनी मला सात वर्षांनी उजेडात आणलं होतं. आणि ढाण्या, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं, तो आता माझ्यावर पाय ठेवत होता. गौतमी त्याच्या पोटाखालून टॉवेल धरायची, आणि तो थरथरत एक पाऊल, मग उडी, मग एक पाऊल असा चालायचा. नखं माझ्या विणीत रुतायची. मला ते आवडायला लागलं, हे मला कबूल करायला वेळ लागला.

शनिवारी पौर्णिमा आली. आप्पासाहेब सवयीनं पहाटे उठले, मला गुंडाळलं, बादली आणली, घर धुतलं आणि मला लगेच अंथरलं. मी माळ्यावर जाण्याआधी तीस वर्षं ते असंच करत आले होते. पण तेव्हा खाली शहाबादी होती आणि माझ्यावर माणसं बसायची. आता खाली ओल्या टाइल्स होत्या, आणि माझ्यावर चालायचं होतं तीन पायांना.

ढाण्यानं आप्पासाहेबांना पाहिलं आणि दवाखान्यातून आल्या दिवसानंतर पहिल्यांदाच तो कुणाच्या मदतीशिवाय उठला. शेपूट हलवत दुसऱ्या पट्टीवर आला आणि मी सरकलो.

हो, मीच सरकलो. जमखान्यानं सरकू नये, एवढंच त्याचं काम. तो फेंगडा होऊन पडला आणि असा ओरडला की अक्का समोरून धावत आल्या. टाके तुटले नव्हते. पण ढाण्या सरपटत कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. हाक मारली तरी कान हलेना.

आप्पासाहेब ओल्या फरशीवरच बसले. म्हणाले, "सरू, चूक माझी हाय. जमखान्याची बी न्हाई, तुझी बी न्हाई." दोन दिवसांनी ते सरूबाईंशी बोलले, आणि हे बोलले.

मग ते उठले आणि सायकलच्या दुकानातून जुन्या ट्यूबा घेऊन आले. दुपारभर बसून त्यांनी ट्यूबा उभ्या चिरल्या आणि सरूबाईंनी दाभणानं माझ्या पाठीला शिवल्या. मोरांच्या पाठीला रबर! मी काय होतो आणि काय झालो, याचा हिशेब मी सोडून दिला.

फरशी कोरडी पुसून मला पुन्हा अंथरलं. आप्पासाहेबांनी पायानं दाबून बघितलं, हातानं ओढून बघितलं. समाधान होईना. मग ते खाली वाकले, दोन्ही हात आणि डावा गुडघा माझ्यावर टेकला आणि उजवा पाय मागे वर धरला. अडुसष्ट वर्षांचा माणूस तीन पायांवर निघाला. मी त्यांचे तळहात पहिल्यांदाच ओळखले. लेथनं घट्टे पडलेले.

"अहो, कंबर धरंल," सरूबाई म्हणाल्या.

"धरू दे. ह्याला काय वाटतंय ते कळाय पायजे की मला."

दारातून जयलक्ष्मी अक्कांचा आवाज आला, "अय्यो, इदेनु, हे काय आप्पासाहेब? तुमाला काय झालं?"

सरूबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. कारण कोपऱ्यात ढाण्यानं मान वळवली होती. त्याचा माणूस आज त्याच्याच उंचीवर आला होता. आप्पासाहेब मागे न बघता पुढं गेले, हॉल संपला, बोळ लागला. मला माझ्या पहिल्या पट्टीवर वजन जाणवलं. टक. मग टक, टक. मी सगळ्या धाग्यांनी टाइल्सना धरून बसलो. दुसरी पट्टी. मी हललो नाही. तिसरी. मागच्या दाराशी ढाण्यानं आप्पासाहेबांना गाठलं आणि त्यांच्या कानात नाक खुपसलं. आप्पासाहेब तसेच ओणवे राहिले आणि मोठ्यानं रडले. आनंद झाला की रडतात, दुःख झालं की रडतात. माणसांचं मला कधीच कळलं नाही.

संध्याकाळी वंदनेला माणसं आली. नेहमीच्या सवयीनं कुणीतरी माझ्या कडेवर खुर्ची ठेवायला गेलं, तर आप्पासाहेब म्हणाले, "तिथं नको. ती ढाण्याची वाट हाय." त्या संध्याकाळी माणसं टाइल्सवर खुर्च्यांत बसली, आणि मी त्यांच्यामधून रिकामा पसरलो होतो. तीस वर्षांत असा मान मला मिळाला नव्हता.

सोमवारी ढाण्या दवाखान्यात स्वतःच्या पायांनी आत गेला. हे मला गौतमीनं घरी येऊन सांगितलं, म्हणजे तिनं आईला सांगितलं आणि मी ऐकलं. औषधं चालू झाली. डॉक्टर स्मृती म्हणाल्या, सहा महिने, कदाचित वर्ष, कदाचित जास्त. नक्की कुणालाच माहीत नाही. घरातले सगळे हे ऐकून महिने मोजायला लागले. ढाण्यानं काही मोजलं नाही. त्यानं अक्कांच्या मांजरावर भुंकून घेतलं.

परवा एक गोष्ट झाली. दारात अक्का आल्या आणि ढाण्या उठला. माझ्यावरून दोन पावलं आला, थांबला, आणि माझी कड सोडून सरळ टाइल्सवर उतरला. जरा डगमगला. सावरला. पुढं गेला. जपून ठेवलेला जमखाना सात वर्षं माळ्यावर कुढत होता. पायाखालचा जमखाना मागे पडला, तर त्याला वाईट वाटलं नाही. का वाटलं नाही, हेही मला कळलेलं नाही.

मित्रांनो, मी विटलोय, कापला गेलोय, माझ्या मोरांच्या पाठीला सायकलच्या ट्यूबा आहेत. मला पुन्हा जोडा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणी पडलं, माणूस असो की जनावर, तर धावत जाऊन त्याला उचलू नका. आधी वाका, आणि त्याच्या पायाखाली काय आहे ते बघा.