पुकेकोच्या बाजूचं मौन

आमचे हे फक्त पाण्यात बोलायचे. ऐकणाऱ्याला वाटेल, म्हातारीचं डोकं फिरलंय. फिरलं असतं तर बरंच झालं असतं, निदान आमच्या स्थानिक बोर्डावर तरी निवडून आले असते.

स्ट्रोकनंतर यादवरावांची वाचा गेली. मान हलवायचे, डोळ्यांनी खुणावायचे, पण शब्द म्हणून नाही. उजवा पाय ओढत चालायचे, म्हणून फिजिओ म्हणाली, गरम पाण्याच्या पूलमध्ये न्या. आमच्या भागात एक जुना सरकारी पूल होता. भाग कुठला ते सांगत नाही, उगाच भांडणं नकोत. न्यू लिन या उपनगरापासून फार लांब नाही, एवढं पुरे. तर मी त्यांचा दंड धरून छातीभर पाण्यात उभी होते, आणि कुणीतरी म्हणालं, "लता, पाणी छान आहे."

मी आधी मागे वळून पाहिलं. या परक्या देशात मराठी बोलणारा माणूस कुठूनही उगवतो, भरवसा नाही. मागे कुणी नव्हतं. मग मी इतकी रडले की पूलवरचा पोरगा शिट्टी घेऊन धावत आला.

बाहेर आले की परत सगळं बंद. फिजिओ म्हणाली, अंग सैल पडलं की कधीकधी होतं असं, का होतं ते विचारू नका. मी कशाला विचारते? मी रोज सकाळी टॉग्जची, म्हणजे इथल्या भाषेत पोहायच्या कपड्यांची, पिशवी भरायला लागले. आयुष्यभर गुडघ्याच्या वर साडी गेली नाही माझी, आणि आता पोहण्याचा पोशाख घालून बसमध्ये बसत होते, वरून फक्त एक लांब कुर्ता.

त्या पूलला काचेचं छप्पर होतं. सकाळी वाफ अशी भरायची की पलीकडचा काठ दिसायचा नाही. वरून हिरवट उजेड झिरपायचा, आवाज लांबून, कुणाच्या तरी झोपेतून आल्यासारखे यायचे. मोठमोठ्या फुलांचे टॉग्ज घातलेल्या सामोअन आज्या वाफेतून तरंगत यायच्या, "किया ओरा, लता" असा इथला नमस्कार करायच्या आणि परत वाफेत जायच्या. मध्ये आम्ही दोघं. हे डोळे मिटून बोलायचे, हळूहळू, एकेक शब्द पाण्यावर ठेवल्यासारखा. वीज मंडळातले मित्र, चेंबूरची आमची खोली, आमचा मुलगा प्रणय जन्मला त्या दिवशीचं ऊन. एकदा म्हणाले, "तू भांडतेस तेव्हासुद्धा तुझा आवाज मला आवडतो." चाळीस वर्षांच्या संसारात हे कधी बोलले नव्हते! मी म्हटलं, "अहो, आधी सांगायचंत ना, अजून भांडले असते."

पाण्यात असताना मला वाटायचं, आपण मेलोबिलो नाही ना, आणि मेलो असलो तरी काय वाईट आहे.

अशा सुखात ग्रॅहॅमसाहेब आले.

ग्रॅहॅम म्हणजे आमच्या बोर्डाचा अध्यक्ष. गोरा, गुबगुबीत, सदा हसरा. त्याला स्वप्न पडलं की पूल पाडून तिथे पुकेको उभा करायचा. पुकेको हा इथला निळा, लाल चोचीचा, काटकुळ्या पायांचा पक्षी. रस्त्याकडेला शेकड्याने फिरतात. पण ग्रॅहॅमचा पुकेको तिमजली घराएवढा, फायबरचा, रात्री पोटात दिवे लागणारा. तो बघायला म्हणे जगभरातून माणसं येतील. अरे, जिवंत पुकेको फुकट दिसतात, त्यांना बघायला कुणी येतं का?

आम्ही सह्या गोळा केल्या. मागणी एकच होती, पूल हवा की पक्षी हे लोकांना विचारा. इथे कायमचं राहायचा शिक्का मिळाला आणि वर्ष झालं की मत मिळतं, तेव्हा माझी सही पहिली. बोर्डाने काय करावं? आधी म्हणाले, प्रश्न फार सोपा आहे, लोक विचार न करता उत्तर देतील. मग म्हणाले, फार अवघड आहे, लोक गोंधळतील. मग विचारायचं की नाही यावर मतदान घेतलं, आणि ते पुढे ढकलायचं की नाही यावर आणखी एक. ग्रॅहॅम माइकवर म्हणाला, "लोकांना विचारत बसलं तर लोकशाही चालायची कशी?" कुणी हसलं नाही. तो मनापासून बोलत होता.

तेव्हा आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांना, चंद्रशेखरना, कल्पना सुचली. "लताताई, माणसाला मोठा केला की तो मोठ्यासारखा वागतो. आपण त्याचा सत्कार करू."

आता ही आपली जुनी खोड. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याच्या गळ्यात आधी हार घालायचा. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? नारळ वगैरे आम्हा बौद्धांत नाही, पण शाल चालते. पापाटोएटोच्या भारतीय दुकानात जाऊन जरीकाठी शाल मीच निवडली. चंद्रशेखरनी भाषण केलं, भागाचे भाग्यविधाते काय, लोकांच्या हाकेला धावणारे काय. ग्रॅहॅमचे डोळे भरून आले. मी त्याच्या खांद्यावर शाल पांघरली, फोटो निघाले, पूलचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. पहिल्याच भेटीत मागणं बरं दिसत नाही म्हणे.

पुढच्या आठवड्यात घरोघरी पत्रक पडलं. शाल पांघरलेला ग्रॅहॅम, शेजारी दात काढून हसणारी मी, आणि खाली छापलेलं की पुकेकोच्या कल्पनेबद्दल भारतीय समाजाने अध्यक्षांना राजवस्त्र अर्पण केलं.

"आई, तू राजवस्त्र दिलंस?" प्रणयने विचारलं. मी त्याच्यावर झाडू उगारला. पस्तिशीचा घोडा, आयटीत मॅनेजर, पळाला बिचारा.

त्या पत्रकाने लोक भडकले, हे एक बरं झालं. बोर्डाला मतदान घ्यावंच लागलं. मात्र आधीच सांगून ठेवलं, निकाल आम्ही ऐकू, मानूच असं नाही. मतपत्रिका पोस्टाने आल्या. यादवरावांनी डाव्या हाताने, जीभ दातांत धरून खूण केली. चारातल्या तिघांनी पूल मागितला! सामोअन आज्यांनी पाण्यात गाणी म्हटली, आणि यांनी वाफेत ताल धरला.

मग निकालाची सभा. ग्रॅहॅम उठला, हसला, म्हणाला, "मत दिलेल्यांचा मी आदर करतो. पण निम्म्या लोकांनी मत दिलंच नाही. ते गप्प राहिले. त्यांचं मौन पुकेकोच्या बाजूचं आहे." आणि बोर्डातल्या बाकीच्यांनी त्याच्या बाजूने हात वर केले. पूल बंद.

माझं डोकं सणकलं. माझ्या इंग्रजीला पुढचंमागचं काही नसतं, पण उभी राहिले. म्हटलं, "तू मौनाचं काय सांगतोस मला? माझ्या घरात मौन आहे. सकाळ-संध्याकाळ मी त्याला भरवते. त्याला काय हवंय ते मला विचार!"

ग्रॅहॅम म्हणाला, "थँक यू, लता, हे फारच सुंदर होतं." आणि पुढचा विषय घेतला. कचऱ्याच्या डब्यांचा.

शेवटच्या दिवशी आम्ही गेलो. यांना मी काही सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं. वाफ नेहमीसारखीच होती, उजेड तसाच हिरवा. बराच वेळ हे नुसते तरंगले, डोकं माझ्या खांद्यावर. मग डोळे मिटूनच म्हणाले, "लता, पुढे जे काही विचारायचं असेल ते आज विचारून घे."

आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवलेली बाई मी, मला एक प्रश्न धड निवडता येईना. सुख होतं का माझ्याबरोबर? भीती वाटते का? प्रणयला काय सांगू? पूलवरचा पोरगा काठावरून हळूच म्हणाला, वेळ झाली. आणि मी काय विचारावं?

"जेवायला काय करू?"

हे हसले. पाण्यात ते हसू माझ्या अंगभर जाणवलं. "वरणफळं कर," म्हणाले, "आणि तिखट कर गं जरा. वर्षभर आजाऱ्याचं खायला घालतेयस."

घरी येऊन मी वरणफळं केली. हिरव्या मिरच्या मूठभर ठेचून घातल्या, वरून लसणाची फोडणी. प्रणय एका घासात पाण्याकडे धावला. यांनी ताट पुसून खाल्लं. डोळ्यांतून पाणी, नाक लाल.

"तिखट झालंय का हो?" मी विचारलं.

मान हलली.

"फार झालंय का?"

मान हलली. मी ताटात आणखी वाढलं, आणि परत विचारलं, आणि परत. प्रणय म्हणाला, "आई, बस ना आता. सांगितलं त्यांनी, मान हलवली ना." पण मला मान नको होती.