अकरा महिने चाललेला तीन महिन्यांचा कोर्स

प्रेमराज सरांनी त्या सकाळी डबा पाहिला आणि पाहिलाच नाही असं ठरवलं. या कामात त्यांचा हात चांगला बसला होता, कारण हे नाटक ते तिसऱ्यांदा करत होते.

जळगावात सराफांच्या गल्लीत, एका जिन्यावर त्यांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास होता. पाटीवर ठळक लिहिलेलं होतं, तीन महिन्यांत इंग्रजी बोला. एके काळी खोलीत चप्पल काढायला जागा नसायची. मग लोक मोबाईलवरच इंग्रजी शिकू लागले आणि बाकं रिकामी होत गेली. आता फळ्याच्या कोपऱ्यात, जिथे चालू बॅचची नावं लिहायची, तिथे एकच नाव होतं, सदफ. ती आली तेव्हा गेल्या वर्षीचा मार्च होता. आता फेब्रुवारी संपत आला होता. नाव पुसट झालं की सर ते रोज सकाळी पुन्हा गिरवत.

क्लासची एक रीत होती. ज्याचं शिकणं पूर्ण झालं, त्याने शेवटच्या दिवशी घरचं भरीत आणायचं, सरांनी पहिला घास खायचा आणि फळ्यावरचं त्याचं नाव स्वतःच्या हाताने पुसायचं. तेव्हा डबा येणं म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. भाजल्या वांग्याचा वास तर झाकणातून केव्हाच बाहेर पडला होता. सरांनी खिडकी उघडली आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

मग घाईघाईने फळ्यावर शब्द लिहिला, प्रोलाँग. चालू असलेली गोष्ट आणखी लांबवणं, असा अर्थ सांगितला. पँट प्रोलाँग होत नाही, हायवे होत नाही. मुक्काम होतो, भाषण होतं, आजारपण होतं. लांबतो तो वेळ. विशेषतः ज्या गोष्टीने एव्हाना आटपायला हवं होतं, तिचा. हे सांगताना सरांचा आवाज किंचित बसला, पण सर्दी आधीच जाहीर झालेली असल्याने ते निभावलं.

खरं काय ते त्यांना पक्कं माहीत होतं. मुलगा स्वप्नील धुळ्याला होता. सरांच्या पत्नी कुंदाबाई गेल्यापासून तो दर रविवारी फोनवर अहिराणीत एकच सांगायचा, "नाना, खोली तयार शे. बठ्ठा सामान बांधा आनि या." आणि नाना दर रविवारी म्हणायचे, ही बॅच संपली की येतो. बॅच म्हणजे एक मुलगी, हे त्यांनी स्वप्नीलला सांगितलं नव्हतं. धुळ्याला जायची त्यांना भीती वाटायची. तिथे ते सर नसणार होते; नातवाला स्कूलबसपर्यंत सोडणारे एक आजोबा असणार होते. म्हणून सदफचं इंग्रजी पक्कं झालं की ते कच्चं ठरवायची जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडायची. आठव्या महिन्यात त्यांनी सगळे काळ पुन्हा पहिल्यापासून घेतले. दहाव्या महिन्यात तिला उच्चारांसाठी आरशासमोर बसवलं. इतका कष्टाळू मास्तर अख्ख्या खान्देशात मिळाला नसता.

क्लासची दुसरी रीत होती घरच्या पाच वाक्यांची. शब्द कुठलाही असो, वाक्यं पुस्तकातली नकोत, आपल्या घरातली हवीत. सदफने वही पुढे ओढली. एरवी ती लिहिताना दहादा वर बघायची. आज बघितलं नाही.

सरांनी लाल पेन उघडला आणि मोठ्या आशेने वाचायला घेतलं. पहिलं वाक्य तिच्या वडिलांचं होतं, अय्युबभाईंचं, जे वेल्डिंगच्या दुकानात एक कप चहा दीड तास लांबवतात. दुसरं मामूंचं, जे फोनवर सात वेळा खुदा हाफिज म्हणतात. दोन्ही वाक्यं बरोबर होती. तिसऱ्यात लिहिलं होतं की धुळ्याच्या शाळेने तिला एक फेब्रुवारीपासून नोकरी दिली होती. चौथ्यात, की तिने शाळेकडून महिनाभराची मुदत मागून घेतली आणि जळगावचा मुक्काम लांबवला. पाचवं वाक्य छोटं होतं. हा क्लास आपण दोघं मिळून लांबवतो आहोत, सर.

सरांनी पाचही वाक्यं दोनदा वाचली. एखादी चूक सापडावी, निदान एखादा स्वल्पविराम तरी, म्हणून त्यांनी चष्मा पुसला. काही सापडलं नाही. लाल पेन तसाच उघडा राहिला आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला डाग पडला.

नोकरीचं आधी का सांगितलं नाहीस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, दोनदा सांगायलाच आली होती. दोन्ही वेळा डबा आणला होता. पण सर म्हणाले, उद्यापासून नवीन धडा, मग डबा तसाच घरी नेला.

"मी नसले तर तुम्ही क्लासमध्ये कोणाला शिकवणार, हे कळेना सर," ती म्हणाली. "पण काल अम्मी म्हणाली, वांग्याचा मोसम संपत आला. आता तरी सरांना खाऊ घाल. साडेअकराची बस आहे. उद्या हजर व्हायचंय."

तेव्हा कुठे सरांना दाराशी ठेवलेली तिची बॅग दिसली. घड्याळात दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. अकरा महिने आपण हिला सांभाळून घेतोय असा त्यांचा समज होता. शेवटचा महिना हीच आपल्याला सांभाळत होती, आणि त्यापायी नोकरीही टांगून ठेवली होती. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. भूकही लागली होती, हे आणखी लाजिरवाणं.

त्यांनी डबा उघडला. सदफच्या अम्मीने, हुस्नबानोने, भरीत हिरव्या मिरचीचं केलं होतं, वर कांद्याची पात होती, आणि पुऱ्या कागदात वेगळ्या बांधल्या होत्या. पहिला घास खाल्ला. दुसरा घ्यायला हात गेला होता, पण घड्याळाकडे बघून त्यांनी तो मागे घेतला. नाव पुसायला उठले तर डस्टरने ते निघेना. रोजच्या गिरवण्याने खडू फळ्यात मुरला होता. शेवटी रुमाल ओला करून पुसावं लागलं.

"जा," ते म्हणाले. "बस चुकेल."

एवढा आखूड निरोप त्यांनी आयुष्यात कोणाला दिला नव्हता. सदफने वाकून नमस्कार केला, बॅग उचलली आणि जिना उतरली. डबा मात्र तिने ठेवूनच दिला.

त्यांनी सगळं भरीत संपवलं, हात धुतले आणि स्वप्नीलला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे तो घाबरून काय झालं विचारू लागला.

"काही नही," सर म्हणाले. "बॅच संपनी."

सरांनी ओल्या फळ्याकडे पाहिलं.

"तठे खोलीम्हा फळा लावाले जागा शे का?"

"भिंत मोजीसन सांगस, नाना," स्वप्नील म्हणाला.