बारा नावं, तीन वाजेपर्यंत

वाचनालयाच्या दारात नव्या वर्षाच्या कार्यक्रमांचा फलक उभा केला होता, चांगला माणसाएवढा उंच. लहान मुलांसाठी गोष्टींचा तास. म्हाताऱ्यांसाठी मोबाइलची शिकवणी. नोकरीचा अर्ज कसा लिहावा. शिवणयंत्र तासावर वापरा. बियाणं उसनं न्या, झाड आलं की बी परत द्या. आणि सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा प्रौढांसाठी वाचनवर्ग, मंगळवार आणि शुक्रवार, चार ते साडेपाच, किमान बारा नावे आवश्यक, नोंदणी ३१ डिसेंबरपर्यंत.

आज एकतीसच होती. सकाळचे दहा.

भिंगरीनं ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा तिच्या डोक्यात तिडीक गेली. तरातरा टेबलाशी जाऊन ती म्हणाली, "मॅडम, ते खालचं कोणासाठी लिहिलंय?"

"कुठलं? वाचनवर्ग? ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"मग लिहिलंय कशाला?"

बाईंनी फलकाकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं, परत फलकाकडे पाहिलं. उभा जन्म पुस्तकांत गेलेला, त्यामुळे कळायला जरा वेळ लागला. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "आणि अर्ज दोन पानी आहे. स्वतःच्या हस्ताक्षरात भरायचा."

"किती नावं आली?"

"एक. एका आईनं मुलीचं दिलंय. चार वर्षांची आहे ती."

दुसरा कोणी असता तर हसला असता. भिंगरीला घाम फुटला.

भिंगरी हे नाव शाळेत पडलेलं. शाळा सुटली, नाव राहिलं. नववीत मास्तरांशी कडाक्याचं भांडून दप्तर उचलून आली ती परत फिरकली नाही. आता सतरावं चालू होतं. पण वाचनालय सुटलं नव्हतं. इथं कोणी उभं करत नाही, कोणी गृहपाठ बघत नाही, आणि पुस्तक आवडलं नाही तर निम्म्यावर आपटून ठेवता येतं.

तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात होती, अकरा वर्षं. जुन्या मशिनला तीन बटणं. लाल गरम, निळं गार, हिरवं सुरू. चादर कुठल्या वॉर्डाची ते कोपऱ्यातल्या दोऱ्याच्या रंगावरून कळायचं. अक्षराशी आईचं कधी काम पडलं नाही, आणि पडलंच तर ती खिशातून बिननंबरचा चष्मा काढायची, कागद लांब धरायची, कपाळाला आठ्या घालायची आणि म्हणायची, "डोकं फार चढलंय गं, तूच वाच जरा." पगाराची सही ती चित्र काढावं तशी काढायची. तिला वाचता येत नाही हे तिथं एकाही माणसाला माहीत नव्हतं.

आता पाच फेब्रुवारीला नवी मशिनं येणार होती. बटणं गायब, नुसती काच आणि काचेवर शब्द. प्रत्येकीनं सुपरवायझरसमोर मशीन चालवून दाखवायचं. ज्यांना जमणार नाही त्यांनी दुसरं काम बघावं, असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं. आईचं वय सत्तेचाळीस. दुसरं काम कोण देतंय?

भिंगरीनं घरी शिकवून बघितलं होतं. तीन संध्याकाळ. पहिल्या दिवशी तिनं दात आवळून धरले, दुसऱ्या दिवशी टेबलावर हात आपटला, तिसऱ्या दिवशी वही भिरकावली आणि म्हणाली, "पहिलीतल्या पोराला कळतं, तुला कसं कळत नाही?" आईनं वही उचलली, चुरगळलेलं पान हातानं सरळ केलं आणि शांतपणे म्हणाली, "तुझ्यापाशी शिकण्यापेक्षा मी जन्मभर लादी पुसेन." त्यानंतर ती बसली नाही. भिंगरीनं माफी मागितली, पाय धरले, काही उपयोग झाला नाही. आई एकदा नाही म्हणाली की काळ्या धोंड्यावरची रेघ.

म्हणून हा वर्ग.

"शिकवणाऱ्या ताई मुख्य वाचनालयातून येतात," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "बारा नावं असली तरच. आणि आज आपण तीनला बंद होतो. तीनला यादी आपोआप बंद होते, मग देवाचा बाप आला तरी उघडत नाही."

"माझ्या आईचं नाव मी सांगते ना."

"माणूस समोर लागतं, अंगठा द्यायला. अर्ज सगळे मी भरते. तू माणसं आण."

भिंगरी मंडईत गेली. तिथं गर्दी असते म्हणून गेली, आणि रताळ्यांच्या ढिगाशेजारी उभी राहून खणखणीत आवाजात ओरडली, "कोणाला वाचता येत नाही? फुकट वर्ग आहे, चला!"

सगळी मंडई एकदम कामाला लागली. कोणी भाजीवर पाणी मारायला लागलं, कोणी गिऱ्हाइकाशी बोलायला, समोर गिऱ्हाईक नसताना.

भाजीवाली म्हणाली, "मला येतं हो. त्या कांदेवाल्याला विचार."

कांदेवाला म्हणाला, "मी चार बुकं शिकलोय. हमालाला विचार."

हमाल म्हणाला, "मला वेळ नाही. पण आमच्या मेव्हण्याला अजिबात येत नाही. बैलोबा आहे नुसता."

तासाभरात भिंगरीकडे चौदा नावं जमली. सगळी दुसऱ्यांची.

तिला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि रडू आलं की तिला राग यायचा, म्हणून तिनं एका रिकाम्या खोक्याला लाथ घातली. खोकं कोपऱ्यावरच्या चांभाराच्या पुढ्यात जाऊन पडलं.

"खोक्यानं काय घोडं मारलंय तुझं?" चांभार म्हणाला. तो एका बुटाचा तळ उसवत होता. "भर बाजारात 'कोण नागडं आहे' म्हणून विचारलंस तर कोण हात वर करील?"

"मग काय करू? पाच तास होते, आता साडेतीन राहिले."

"तुला एवढी कळकळ का? सरकारी आहेस?"

"माझ्या आईला वाचता येत नाही," भिंगरी म्हणाली. हे ती आजवर कोणाला बोलली नव्हती. आवाज आपोआप खाली गेला.

चांभारानं बूट बाजूला ठेवला. आरीचं टोक अंगठ्यानं पुसलं. मग म्हणाला, "मला फक्त आकडे येतात. बुटाचे नंबर." आणि बूट परत उचलत, "दुपारी दुकान झाकून येतो. मोठ्यानं बोलू नकोस."

तेव्हा तिला किल्ली सापडली. ती परत मंडईत गेली, पण आता एकेकापाशी उकिडवी बसली, आणि हळू आवाजात आईची गोष्ट सांगत सुटली. चष्म्याची, सहीची, काचेच्या मशीनची. आईचं झाकलेलं सगळं तिनं त्या दिवशी उघडं केलं. भाजीवालीनं ऐकलं आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माझं नाव घाल." हमाल म्हणाला, "मेव्हण्याला आणतो." मग खाली बघून म्हणाला, "दोघं येतो." एक वाजेपर्यंत सहा माणसं वाचनालयात जाऊन अंगठा देऊन आली.

सहा हवी होती अजून. आईला धरून.

दीडला धुलाईघराच्या मागच्या दारात बायका सुट्टीला बाहेर येतात. भिंगरी तिथं पोचली. आई अजून आत होती. इस्त्रीवाली मावशी पायरीवर बसून तळपाय चोळत होती. भिंगरी तिच्याजवळ सरकली.

"मावशी, कोणाला सांगू नका. वाचनालयात वर्ग निघतोय, आज तीनपर्यंतच नावं घेतात. आई जाणार आहे. तिला वाचता येत नाही, पहिल्यापासून येत नाही. तुमच्यात अजून कोणी असेल तर…"

मावशीचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. ती भिंगरीकडे बघत नव्हती. तिच्या डोक्यावरून मागे बघत होती.

मागे सुपरवायझर चहाचा कप घेऊन उभा होता.

"कोणाला येत नाही म्हणालीस?"

 तेवढ्यात आई दारात आली, ओले हात पुसत. सुपरवायझर तिच्याकडे वळला. तो वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. तो ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "बाई, अकरा वर्षं? आणि तो चष्मा?"

आईनं हात पुसून झाल्यावर परत पुसले.

"संसर्गाच्या वॉर्डातल्या चादरी वेगळ्या धुवायच्या असतात. उद्या काचेवर काही चुकलं तर माझी मान जाते," तो म्हणाला. "पाच तारखेला सगळ्यांच्या आधी तुम्ही. पहिल्या तुम्ही. मला सवलत देता येणार नाही."

तो गेला.  आईनं खिशातला चष्मा काढला, बघितला, परत ठेवला.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"आई, मी हळू बोलत होते."

"मंडईत पण हळूच बोललीस का? भाजीवाली मघाशी पुढच्या फाटकाशी भेटली. म्हणाली, घाबरू नका बाई, सगळं चांगलं होईल." आईचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं वाटलं असतं. "एवढी एकच गोष्ट माझी होती गं."

आणि ती आत निघून गेली.

भिंगरी वाचनालयात कशी परतली ते तिला कळलं नाही. बाईंनी विचारलं, तिनं मान हलवली. भिंतीवरचं घड्याळ सव्वादोनला होतं, मग अडीचला. ती फरशीवर भिंतीला टेकून बसली. आपण आईची नोकरी खाल्ली, एवढंच डोक्यात घुमत होतं. जीभ उपटून टाकावी असं वाटत होतं.

पावणेतीनला दार ढकललं गेलं. आई होती, कामाच्या एप्रनमध्येच. तिच्यामागे इस्त्रीवाली मावशी, आणि मावशीमागे आणखी तिघी, एकमेकींच्या आड लपत.

आईनं भिंगरीकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलाशी जाऊन म्हणाली, "आता लपवायला काही उरलं नाही. लिहा."

"हिच्या चष्म्याला मी अकरा वर्षं घाबरले," मावशी बाईंना सांगत होती. "मला वाटायचं ही शिकलेली आहे, आपलं बिंग फोडील. आणि ही मला घाबरायची. दोघी एका टबात हात घालून."

अंगठे उठले. बाईंनी मोजलं. परत मोजलं.

"अकरा."

भिंगरी ताडकन उठली. "माझं घाला."

"तुझ्या कार्डावर चारशेच्या वर पुस्तकं गेलीत. मुख्य वाचनालयात दिसतं ते."

"मग ती चार वर्षांची?"

"प्रौढ लिहिलंय गं."

ती रस्त्यावर धावली. फुलं बांधणारीला विचारलं, रस्ता झाडणाऱ्याला विचारलं, एका टॅक्सीची काच ठोकली. टॅक्सीवाल्यानं तिला वेड्यात काढलं. झाडणारा म्हणाला, "मी पदवीधर आहे, बाळ." ती धापा टाकत परत आली तेव्हा बाईंच्या पडद्यावरची यादी करडी झाली होती. तीन वाजून एक मिनिट. खाली एक ओळ आली होती. बाईंनी ती वाचून दाखवली नाही, पण त्या पाचही बायकांना कळलं.

 मावशी चपला शोधायला लागली.

बाईंनी किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला आणि उगाच खुळखुळवला. "शिक्षिका मी देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण वरची खोली जानेवारीभर मंगळवार-शुक्रवार या वर्गाच्या नावानं अडवलेली आहे. ती मोकळी करायला मला वेगळं पत्र लिहावं लागतं. मी पत्रं लिहायला फार उशीर करते. खोलीत कोणी बसलं तर मी उठवणार नाही."

"बसून काय करायचं? भिंती बघायच्या?" मावशी म्हणाली. मग तिची नजर भिंगरीकडे गेली. सगळ्यांचीच गेली.

"ती नको," आई म्हणाली.

"मग दुसरं कोण आहे?"

आईनं एप्रनची गाठ परत बांधली.  भिंगरीला स्वतःचा भरवसा नव्हता. तीन संध्याकाळी एक माणूस तिला झेपलं नव्हतं, इथं अकरा होती. मंगळवार-शुक्रवार धरून पाच तारखेपर्यंत जेमतेम दहा बैठका.

"ओरडलीस तर मी उठेन," आई शेवटी म्हणाली, अजूनही तिच्याकडे न बघता. "आणि मी उठले की ह्या सगळ्या उठतील."

"हो."

"हो म्हणणं सोपं असतं."

आईनं एप्रनच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला. नव्या मशीनच्या सूचना. सुपरवायझरनं पंधरा दिवसांपूर्वी सगळ्यांना वाटला होता, आणि आईनं सगळ्यांसारखी मान डोलावून घेतला होता. तिनं तो टेबलावर पसरला. दोन्ही बाजूंनी छापलेला, बारीक.

"हा पहिला काय आहे?"

"निर्जंतुक," भिंगरी म्हणाली.

"नीजंतूक."

"निर्जंतुक."

"निजरंतुक."

भिंगरीनं पाठीमागे नखं तळव्यात रुतवली. बाई दाराशी किल्ल्या घेऊन उभ्या होत्या, आणि चुकूनही घड्याळाकडे बघत नव्हत्या.

"निर्," भिंगरी म्हणाली. "थांब. मग जंतुक."

"नि," आई म्हणाली आणि अडली. बाकीच्या चौघी कागदावर वाकल्या होत्या. आईचं बोट त्या एकाच अक्षरावर टेकून राहिलं.

"परत सांग," ती म्हणाली.

भिंगरीनं परत सांगितलं.