इटरेटरचं उघडं बोट

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते शिकवायचे म्हणून नव्हे, तर दुसऱ्याची चूक सापडली की त्यांचा चेहरा उजळायचा म्हणून. इथल्या कोडच्या लायब्ररीचे ते जन्मदाते. तिच्यातल्या एका यादीवर ऑफिसचे सगळे प्रोग्राम उभे होते, आणि त्या यादीतल्या एकेका नोंदीवर बोट ठेवत पुढे सरकणारा इटरेटर म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण.

लाडका होता, तितकाच उघडानागडाही होता. त्याचं आतलं बोट कोणीही धरावं आणि हवं तिथे नेऊन ठेवावं. एकाच महिन्यात तीनदा ते पुसून टाकलेल्या नोंदीवर टेकलं आणि प्रोग्राम आडवे झाले. मॅनेजरबाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, की चौथ्यांदा असं झालं तर ही यादी मोडीत काढू आणि बाहेरची आणू. वीस वर्षांचं काम. मास्तरांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

आधी त्यांनी धाक दाखवून पाहिला. बोटाचं नाव बदलून 'हात_लावाल_तर_याद_राखा' असं ठेवलं. पण कुणाचं काही अडू नये म्हणून जिथे जिथे जुनं नाव होतं तिथेही स्वतःच एका फटक्यात नवं घालून दिलं. त्यामुळे धमकी कुणाच्या कानावर गेलीच नाही.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीच्या सांगण्यावरून त्यांनी बोट खाजगी केलं. बाहेरच्यांना आता फक्त 'पुढची दे' आणि 'संपलं का' एवढंच विचारता येणार होतं. कोड तपासणाऱ्या कंपायलरने, जिथे जिथे कुणी थेट बोट धरलं होतं, अशा एक्केचाळीस ठिकाणी बोंब मारली. मास्तर खूश. या ओळी मुळात कुणी लिहिल्या ते शोधायला त्यांनी चष्मेवालीला सांगितलं, आणि भर मीटिंगमध्ये नावं वाचायचा हुकूम सोडला. आधी चहा घेऊ या का, असं तिने दोनदा सुचवून पाहिलं.

"वाच," मास्तर म्हणाले.

"पहिली ओळ तुमची. दुसरी तुमची."

"पुढे?"

"पुढेही बराच वेळ तुम्हीच आहात, मास्तर."

एक्केचाळीसपैकी अडतीस. हसू दिसू नये म्हणून मॅनेजरबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी बायकोला हे सांगताना मास्तरांचा हात सवयीने तिच्या पर्समध्ये गेला, किल्ली शोधायला. तिने तो चापट मारून बाहेर काढला.

"मागा की. देते ना मी. आत सगळी उलथापालथ करून ठेवता."

ती बोलत राहिली, पण मास्तर केव्हाच कोडमध्ये जाऊन पोचले होते. अडतीसही ठिकाणी त्यांनी बोट धरलं होतं ते एकाच कारणासाठी: चालता चालता मधली एखादी नोंद काढून टाकायला. मागायची सोयच त्यांनी कधी ठेवली नव्हती, मग दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी त्यांनी इटरेटरला एक नवी विनंती शिकवली: 'ही काढ'. नोंद तोच काढणार, आणि बोटही तोच पुढच्या नोंदीवर नेणार. एक्केचाळीस ठिकाणं त्यांनी स्वतः मान खाली घालून दुरुस्त केली. दोन महिने झाले, प्रोग्राम उभेच आहेत. बाहेरच्या यादीचा विषय मॅनेजरबाईंनी पुन्हा काढला नाही.

परवा मात्र मास्तर घाईत काहीतरी लिहीत होते. कंपायलर अडून बसला: हे खाजगी आहे. मास्तरांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चष्मेवालीने मान वर न करता सांगितलं, "मागा, मास्तर."