मामाचा वाटा

ग्रांद कोमोर बेटावर ज्या पुरुषाने थोरले लग्न, म्हणजे साऱ्या गावाला मांस वाटून आयुष्याची कमाई खर्चणारे लग्न, केलेले नाही, त्याला साठी उलटली तरी गावाच्या चौकातील दगडी बाकावर बसता येत नाही. त्या बाकासाठी मी मार्सेय शहरात बावीस वर्षे जहाजांचे तळ घासले. तथापि आणखी एक अट होती. आमच्याकडे कूळ आईकडून मोजतात, आणि माझ्या आईच्या पणजीला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील माकुआ मुलुखातून होडीत कोंबून आणून याच बेटावर विकण्यात आले होते. गुलामांच्या वंशजाला बाक नाही. म्हणून मी गावात सांगितले की, माझी दिवंगत आई आंजुआन बेटावरील खानदानी घराण्यातील होती. तिचे खरे माहेर आमच्याच बेटाच्या दूरच्या किनाऱ्यावर असल्याने ते खपलेही.

माझ्या लग्नातील मांसवाटपाच्या सकाळी आईचा सख्खा भाऊ, हमादीमामा, न बोलावता आला. अंगात पांढराशुभ्र अंगरखा, पायांत नव्या वहाणा.

"काय रे बकारी, फ्रान्सच्या थंडीनं मामाचा पत्ता गोठला का?" गल्लीच्या तोंडाशी त्याने मला हळूच विचारले. "घाबरू नकोस. मी नुसता मागं उभा राहतो. तोंड उघडणार नाही."

आम्ही चौकात आलो. गावातील सर्वांत वडीलधारे मशंगामा बाकावरून म्हणाले, "हा कोण रे? पाव्हणा?"

माझी जीभ माझ्या आधी धावली. "पाव्हणा कसला, काका! आईच्या घरचा जुना गडी. बैल कापायला बोलावलाय."

"गड्याचा थाट तर नवरदेवाच्या वर आहे!"

बाक हसला. मामाने माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग त्याने वहाणा काढून चौकाच्या कडेला ठेवल्या, बाह्या दुमडल्या आणि सुरी उचलली.

वस्तुतः मी सर्व गोष्टींचा विचार केला होता. एका गोष्टीचा मात्र विसर पडला होता. वडीलधाऱ्यांचे वाटे संपताच पुकारणाऱ्याने हाक दिली, "नवरदेवाच्या मामाचा वाटा!"

कोणी उठले नाही.

"अरे, मामा कुठाय?" मशंगामा म्हणाले. "मामाशिवाय लग्न करतोस होय रे?"

मामा मान वर न करता सुरी पुसत म्हणाला, "यांचा मामा वारला, धनी. मी ओळखत होतो त्याला."

"मग हा वाटा कुणाला द्यायचा?"

"गड्याला द्या की," मामा म्हणाला. "सकाळपासून राबतोय."

"लबाड आहे लेकाचा!" असे म्हणून सर्वांनी हसत रुकार दिला. मामाने आपला हक्काचा वाटा केळीच्या पानात बांधला, मला वाकून सलाम केला आणि तो अनवाणीच किनाऱ्याच्या वाटेला लागला.

वहाणा चौकाच्या कडेलाच राहिल्या होत्या. तो वळणापर्यंत मला दिसत होता. हाक मारली असती, तर ऐकू गेली असती. परंतु त्याच वेळी मशंगामांनी सरकून मला बाकावर जागा करून दिली होती, आणि बाकावरचा माणूस गड्याच्या वहाणा उचलत नाही. मी बसलो.