बधायचं नाही

मुलानं पाण्याचा पेला आईच्या डोळ्यांसमोर धरला, पण तिचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर.

"पाणी म्हण."

आईचं उजवं अंग लुळं पडलं होतं. दवाखान्यातून घरी आणल्यापासून तिला शब्द फुटत नव्हता, कळत मात्र सगळं होतं. घशाला कोरड पडली होती. तिनं डाव्या हातानं पेल्याकडे बोट केलं. मुलानं मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. नुसतं बोट दाखवलं तर लक्ष द्यायचं नाही, हा नियम तिचाच.

लहानपणी हाच मुलगा अजिबात बोलत नसे. शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, तसं तिनं जिवाचं रान करून त्याला बोलतं केलं. हवी ती वस्तू समोर धरायची आणि थांबायचं. तोंडातून आवाज निघाला की लगेच थोडीशी द्यायची, वर तोंडभर शाबासकी. रडला, लोळला, डोकं आपटलं, तरी बधायचं नाही. ती बधली नव्हती. शेजारणी तिला कैदाशीण म्हणत, म्हणोत बापड्या. पोरगा बोलला होता.

"पाणी म्हण."

आवाजसुद्धा तिचाच उचलला होता त्यानं. मऊ, जराही न चढणारा. आपलाच आवाज समोरून येताना ऐकून तिच्या अंगावर काटा आला. तेव्हा ह्याला असं होत होतं तर. इतक्या वर्षांत हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"अरे, दे की तिला," बाबा दारातून म्हणाले. "शाळा मांडलीयेस का इथं?"

"आत्ता असंच दिलं तर ती बोलणार नाही, बाबा. मग कधीच बोलणार नाही."

तो शांतपणे बोलला, पण पेल्यातलं पाणी हिंदकळत होतं. घाबरलं होतं पोर.

बाबांना राहवेना. त्यांनी दुसरा पेला भरून आणला, बायकोच्या मानेखाली हात घातला आणि चमचा तिच्या ओठांशी नेला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं.

"अगं, पी ना. मी देतोय ना तुला."

तिनं डाव्या हातानं चमचा बाजूला सारला, मुलाकडे तोंड केलं आणि वाकड्या ओठांची जुळवाजुळव करायला लागली.