घरटी एक लाकूड

छबूबाई अंगणात हिरडा वाळत घालत होती, तेवढ्यात पडवीत बसलेल्या तिच्या सासऱ्यांनी, वाल्मिकबाबांनी, मान टाकली. पुढ्यातला चहा तसाच राहिला. छबूबाईने हंबरडा फोडला. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत एवढा आवाज शेवटच्या घरापर्यंत जातो, पण एकही माणूस बाहेर आला नाही.

वाडीने तिला वाळीत टाकलं होतं. तिचा गुन्हा तरी काय? देवराई आणि तिच्या भोवतीचं जंगल राखायचा हक्क वाडीला मिळावा, म्हणून जंगलहक्काचं काम करणाऱ्या संघटनेच्या मदतीने सगळ्यांनी मिळून दावा लावला होता. मग एका रिसॉर्टवाल्याचा त्या जंगलावर डोळा गेला. त्याने गावकीचा म्होरक्या छगन याला हाताशी धरलं आणि दावा मागे घ्यायचा ठराव सभेत आला. बाप्ये माना खाली घालून बसले. ही विधवा बाई तेवढी उठून ‘न्हाई’ म्हणाली. त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद, विहिरीचं पाणी बंद.

वाडीत मयत झालं की सरणाला घरटी एक लाकूड येतं. वैऱ्याच्या दारातसुद्धा येतं, बोलावणं लागत नाही. त्या दिवशी ऊन डोक्यावर आलं, लाकूड आलं नाही. छबूबाईचा फोन जाताच तालुक्याहून संघटनेची प्रज्ञा दोन कार्यकर्त्यांना घेऊन धावत आली, तेवढीच माणसं.

मग छगन आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, “म्हातारा आमालाबी बापासारखाच हुता. देवराईत वाळकी झाडं पडल्यात, त्यातलं घे. अडल्या येळंला देव काय म्हनत न्हाई.”

छबूबाईने डाव ओळखला. वाल्मिकबाबांनी जन्मभर देवराई राखली होती, तिथली पडलेली काटकीही चुलीपर्यंत येऊ दिली नव्हती. आज त्यांच्याच सरणाला तिथलं लाकूड लागलं, तर उद्या हाच छगन सभेत सांगणार : राखणदाराच्या सुनेनंच देवराई मोडली, मग आमाला कोन अडवतो?

“माज्या घरात लाकूड हाय, छगनभाऊ,” ती म्हणाली.

तिने गाय सोडून अंगणात बांधली आणि कोयत्याने गोठ्याचे बंध तोडायला घेतले.

“वहिनी, पाऊस तोंडावर आलाय! गाय कुठं बांधाल?” प्रज्ञाला रडू आवरेना.

“घरात. माज्यापाशी.”

आढं उतरलं, वासे निघाले, मेढी उपटल्या. तरी सरण पुरेना, तेव्हा तिने घराचं दार काढून दिलं. खांदा द्यायला प्रज्ञा, तिचे दोघे सोबती आणि चौथी छबूबाई. अग्नीही तिनेच दिला. सगळी वाडी फटीतून बघत होती. लाज वाटावी असंच ते बघणं होतं.

तिन्हीसांजेला शेजारची रतनबाई डोक्यावर लाकूड घेऊन मागच्या वाटेने आली. दोघी एकाच साली लग्न होऊन या वाडीत आल्या होत्या.

“छबे, मालक आडवा आला गं. सकाळी पाय उचलला न्हाई.”

“लाकूड सकाळी लागत हुतं, रतने. आता तुजा हात पायजे. पुडच्या सभेत माज्याबरूबर वर करशील का, तेवडं सांग.”

दार नसलेल्या त्या घरापुढे रतनबाई डोक्यावरचं लाकूड घेऊन तशीच उभी राहिली. तिला ते खाली ठेववेना, आणि माघारीही नेववेना.